बुलेटचं इंधन

आमच्या जावईबापूंना आकडा गोल करता येत नाही. लग्न जुळवताना वहिनीने सहज विचारलं होतं, मुलाची उंची किती? मुलाने सकाळची वेगळी सांगितली आणि संध्याकाळची वेगळी. दिवसभर उभं राहून माणूस किंचित दबतो म्हणे. वहिनी हसू दाबत आत गेली आणि मी दादाला म्हटलं, मुलगा हुशार आहे, पण आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटणार. दोन्ही खरं ठरलं.

त्यांचा धंदा ऊर्जा तपासनिसाचा. कारखान्यांत जायचं, वीज, वाफ, डिझेल कुठे वाया जातं ते शोधायचं आणि मालकाला तोंडावर सांगायचं. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या लॉन्ड्रीत त्यांनी वाफेच्या नळीची गळती नुसत्या कानाने शोधली, तेव्हापासून दादा त्यांच्या शब्दाबाहेर नाही. मी या लॉन्ड्रीत घड्यांच्या खोलीची प्रमुख. माझ्या हाताखाली चार बायका आणि माझ्या तोंडाखाली अख्खी लॉन्ड्री. हे दादाचं म्हणणं, माझं नाही.

दुपारी सगळे एकत्र जेवतो. घड्या घालायचं लांब टेबल पुसून घ्यायचं, वहिनीने केलेलं मधे ठेवायचं, आणि मालकापासून यंत्र पुसणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी बसायचं. वडिलांच्या वेळेपासून एकच शिस्त आहे, दुसऱ्याच्या ताटाकडे बघायचं नाही. कोणाला किती हवं ते वाढणारीने ओळखायचं. आमच्याकडे पगारावरून भांडणं झाली, सुट्ट्यांवरून झाली, जेवणावरून कधी नाही.

जावईबापू अधूनमधून त्या टेबलावर येऊन बसायचे आणि घास गिळता गिळता आम्हाला शहाणं करायचे. चालणारा माणूस जितकं खाऊन एक अंतर जातो, तितकंच खाऊन सायकलवाला त्याच्या तिप्पट लांब जातो. मोटारीत एकटा माणूस बसला, तर बहुतेक सगळं पेट्रोल मोटारच स्वतःला न्यायला वापरते, माणूस आपला ओझ्याबरोबर फुकट येतो. भरलेली बस चांगली. रिकामी बस मोटारीहून वाईट. म्हणून ते बसमध्ये चढले की दारात उभे राहून रस्त्यावरच्या लोकांना ‘या, या’ करतात. माझी भाची, म्हणजे त्यांची बायको, त्या वेळी पुढच्या सीटवर जाऊन बसते, ओळख नसल्यासारखी.

हे सगळं ऐकून घ्यायला आमचं काही जात नव्हतं. पण मग इस्पितळाच्या व्यवस्थापकबाई आल्या. त्यांच्या वरच्या मंडळींनी ठरवलं होतं की यापुढे चादरी धुवायला द्यायच्या त्या अशाच लॉन्ड्रीला, जी कपड्यांच्या ने-आणीला कमीत कमी ऊर्जा खर्च करते. “सगळे प्रकार तपासा आणि सगळ्यात कमीचा ठेवा,” बाई म्हणाल्या आणि चहा न पिता गेल्या. इस्पितळ म्हणजे आमचं निम्म्याहून जास्त काम. दादाने कपाळ पुसलं, पण डोळे मात्र चमकले. विजेवर चालणारी मालाची रिक्षा त्याच्या मनात वर्षभर घर करून होती. शोरूमसमोरून जाताना हा मनुष्य चालायचं विसरतो.

आजवर इस्पितळाचे कपडे बुलेट नेत होता. बुलेट हे त्याचं नाव नव्हे. माल वाहायची तीनचाकी सायकल, आम्ही तिला गाडा म्हणतो, ती तो इतकी सावकाश चालवायचा की कोणीतरी चेष्टेने बुलेट म्हटलं आणि तेच चिकटलं. खरं नाव आठवायला आता त्याच्या आईलाही क्षणभर लागतं.

रिक्षा आली की गाडा मोडीत, आणि गाड्याबरोबर बुलेटही. हे कोणी बोललं नाही, पण न कळण्यासारखं काही नव्हतं. रिक्षा त्याला मिळण्यातली नव्हती. उजव्या डोळ्याने लहानपणापासून दिसत नाही, परवान्याला दोनदा नाकारलेला. घड्यांच्या खोलीत मी त्याला एकदा घेऊन पाहिला होता. त्याने घडी घातलेली चादर झोपून उठलेल्या माणसासारखी दिसायची. पन्नाशी उलटलेली, घरात म्हातारी आई, आणि येत होतं ते एकच काम, पेडल मारणं.

दादाला कोणाला ‘जा’ म्हणता येत नाही. म्हणून त्याने ते आकड्यांकडून म्हणवून घ्यायचं ठरवलं.

“जावईबापू, तुम्ही मोजा,” तो म्हणाला. “गाडा जिंकला तर गाडा, रिक्षा जिंकली तर रिक्षा. माझं काहीच म्हणणं नाही.”

“तुझं म्हणणं शोरूमच्या काचेवर उमटलंय,” मी म्हटलं. “नाकाचा ठसा आहे तिथे.”

रिक्षा आठवड्यासाठी भाड्याने आणली. चालवणार खुद्द दादा. बाकीच्या गिऱ्हाइकांचा माल नेणारा आमचा टेंपो पहिल्याच दिवशी बाद झाला. गाडाभर चादरींसाठी एवढं लोखंड हलवतो म्हणून जावईबापूंनी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही. उरले गाडा आणि रिक्षा. रिक्षाचं सोपं होतं, जिथे चार्ज करायची तिथे भिंतीवर मीटर लावला. घोडं अडलं ते गाड्यापाशी.

“गाड्याला मीटर कुठे लावणार?” मी विचारलं.

“बुलेट दुपारी इथे जेवतात ते मोजायचं,” जावईबापू म्हणाले. “सकाळचं आणि रात्रीचं त्यांचं त्यांना जगायला. दुपारचं गाड्याला. पाव, भात, अंडी, सगळ्याचे विजेसारखे युनिट करता येतात.”

“आणि दादा जेवतो ते?”

“बाबा जेवतात त्याने रिक्षा चालत नाही, आत्या. रिक्षा विजेवर चालते. बाबा नुसते बसलेले असतात.”

“म्हणजे बसून खाल्लेलं मोजायचं नाही, राबून खाल्लेलं मोजायचं?”

जावईबापूंनी डोळे मिटून प्रामाणिकपणे विचार केला. “हो,” ते म्हणाले. “पद्धत तशीच आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पद्धतीशी भांडता येत नाही; तिला कान नसतात.

मग अंगणातल्या काट्यावर, ज्यावर आम्ही मळक्या कपड्यांची गाठोडी तोलतो, दोन्ही वाहनं चालकासकट चढवली. या काट्याची तबकडी नोंद घेणाऱ्याकडे असते, वर चढलेल्याला तिची नुसती पाठ दिसते. गाड्यावर बसलेला बुलेट फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा ताठ बसला होता. जावईबापूंनी मग दोघा चालकांना वेगवेगळंही तोललं. “जितकं वजन कमी, तितकी ऊर्जा कमी,” ते स्वतःशीच म्हणाले. त्यांना असं स्वतःशी मोठ्याने बोलायची सवय आहे. बुलेटला ते ऐकू गेलं, हे आमच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या दुपारी स्वयंपाकघरातला छोटा काटा टेबलावर आला. बुलेटचं ताट वाढून त्यावर ठेवलं, मग पुढ्यात सरकवलं. वहिनीने परत पाव वाढायला घेतला तर जावईबापू “एक मिनिट” म्हणायचे आणि पाव आधी काट्यावर जायचा.  वहिनीचं भांड्यांशी जे बोलणं चाललं होतं ते रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. बुलेट नेहमीसारखा जेवला, म्हणजे भरपूर आणि आवाज करत. संध्याकाळी हिशेब लागला. गाडा हरला होता, पण थोडक्यात.

“फरक किती?” बुलेटने विचारलं.

“सुमारे दोन पावांचा,” जावईबापू म्हणाले, आणि लगेच दुरुस्त केलं, “दोन पाव आणि एका अंड्याचा पांढरा भाग.”

दुसऱ्या दिवशी बुलेटने तेवढं कमी खाल्लं. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. जावईबापू गाड्याची प्रगती पाहून खूश होते. मला सांगायला लाज वाटते, पण आम्ही सगळेच खूश होतो. इस्त्रीवाल्या बाया, मी, टेंपोचा ड्रायव्हर, सगळे त्याच्या ताटाकडे टक लावून बसायचो आणि त्याने पाव तसाच ठेवला की एकमेकांना कोपरं मारायचो. एवढ्या वर्षांची शिस्त मोडलीय, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

एकीकडे गाडा हलका होत चालला. आधी घंटी गेली. मग चिखल अडवणारे पत्रे गेले, चेनचं झाकण गेलं, पावसात माल झाकायची ताडपत्री गेली. सीटवरची गादी काढून त्याने माझ्याकडे ठेवायला दिली.

“अरे, बसशील कशावर?” मी म्हटलं.

“लोखंडावर, ताई. बसण्याचं एवढं काय.”

इस्त्रीच्या बाईने उशीच्या अभ्र्यात लपवून त्याला एक अंडं दिलं, जावईबापूंच्या नकळत. त्याने ते तसंच परत केलं. “नको,” तो म्हणाला. “वजन वाढेल.” आम्ही पोट धरून हसलो. बुलेट कधी नाही तो विनोद करायला लागला, असं वाटलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मला इस्पितळात जायचं होतं, काही अभ्रे फाटून परत आले म्हणून त्यांची तक्रार होती. दादा म्हणाला, रिक्षातून चल. रिक्षा खरोखर छान होती, हे कबूल करते. आवाज नाही, धूर नाही, दादा तोंडानेच बारीक शीळ घालत चालवत होता. इस्पितळाकडे जाणारा रस्ता शेवटी चढाचा आहे. त्या चढावर आम्हाला गाडा दिसला. बुलेट त्यावर बसलेला नव्हता. खाली उतरून, दोन्ही हात मागच्या दांड्याला लावून, डोकं खाली घालून ढकलत होता. दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा. चेहरा चादरींपेक्षा पांढरा पडला होता, आणि चादरी आम्ही चांगल्या पांढऱ्या धुतो.

“दादा, थांब,” मी म्हटलं.

“चढावर थांबलं तर जास्त वीज जाते गं,” दादा म्हणाला. पण त्याची शीळ बंद पडली होती. आम्ही बाजूने पुढे गेलो. बुलेटने मान वर करून हात हलवला. दादाने आरशात पाहिलं नाही.

मी त्या दिवशी वहिनीला सांगितलं. वहिनीने दुपारी त्याच्यापुढे ताट आदळलं. “बुलेटभाऊ, मुकाट्याने जेवा. तो काटा मी चुलीत घालीन.” बुलेटने हात जोडले. “वहिनी, हातातोंडाशी आलंय. दोनच दिवस राहिलेत. मग वाढा हवं तेवढं.” आणि अर्धा पाव खाऊन तो पाणी प्यायला.

शेवटच्या दिवशी पुन्हा मोठ्या काट्यावर चढणं होतं. जावईबापूंच्या पद्धतीत वाहन जसं निघालं तसंच परत आलं का, हे बघावं लागतं. आधी रिक्षा. ती एक किलोने वाढली होती.

“आत माल राहिलाय का?” जावईबापूंनी विचारलं. रिक्षा रिकामी होती. त्यांनी दादाला एकट्याला काट्यावर उभं केलं आणि वाढलेला किलो तिथे सापडला. आठवडाभर चालणं बंद झालं होतं ना त्याचं.

मग बुलेट. गाडा वेगळा तोलून झाला, मग तो एकटा चढला. काटा हलला आणि थांबला. जावईबापूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“अडीच किलो कमी,” ते म्हणाले.

बुलेटचा चेहरा फुलला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. “मग! रात्रीचंही बंद केलं होतं साहेब. आईला सांगायचो, लॉन्ड्रीत जड झालंय. तुम्हीच म्हणालात ना, वजन कमी तर ऊर्जा कमी? गाड्यावरचं सगळं काढून झालं, मग म्हटलं आता कमी करण्यासारखा मीच उरलोय.” तो आमच्या सगळ्यांकडे पाहून हसला. “जिंकलो ना?”

जावईबापू चष्मा पुन्हा पुसायला लागले. 

“सांगा की,” मी म्हटलं.

“बुलेट,” ते म्हणाले, “तुम्ही जे खाल्लं नाही, ते अंगातून गेलं. अंगातली चरबी ही टाकी असते. गाडा तुम्ही टाकीतल्या इंधनावर चालवलात. तेही मोजावं लागतं.” ते थांबले. “गेलेल्या वजनातलं थोडं नुसतं पाणी धरलं, तरी तेवढ्यात रिक्षा हा सगळा आठवडा चालून वर ऊर्जा उरली असती.”

बुलेटला समजायला वेळ लागला. तो काट्यावरच उभा होता. “म्हणजे हरलो?”

“हो.”

“आणि जेवलो असतो तर?”

“तरी हरला असतात. पण अगदी थोडक्यात.”

“म्हणजे उपाशी राहून जास्तच हरलो,” बुलेट म्हणाला. त्याने हे कुणालाही दोष न देता, नुसतं समजून घेतल्यासारखं म्हटलं, आणि तेच मला सहन झालं नाही.  वहिनी दारात उभी राहून सरळ रडत होती. “माझ्या टेबलावर बसून माणूस आठवडाभर उपाशी उठला,” ती म्हणत होती, “माझ्यासमोर, माझ्या हाताने वाढलेल्या ताटावरून.”

दादाने खाकरून घसा साफ केला. त्याला आता बोलणं भाग होतं. आकडे त्याच्या बाजूने होते, रिक्षा दारात उभी होती. “तर मग,” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “उद्यापासून... म्हणजे आकड्यांचं म्हणणं असं की...”

“थांबा, बाबा,” जावईबापू म्हणाले. “ही चाचणी बाद आहे.”

“बाद?”

“सुरुवातीला आणि शेवटी टाकीतली पातळी सारखी पाहिजे. दोघांचीही बदलली. तुमची वर गेली, यांची खाली. अशी तुलना धरता येत नाही. हा नियम आहे.”

“खरंच आहे?” मी विचारलं.

“आहे,” ते म्हणाले, आणि मला खात्री आहे की तो खरंच आहे. “यांचं वजन पहिल्याइतकं भरेपर्यंत चाचणी परत घेता येणार नाही. तोवर जे चाललंय ते चालू ठेवायचं. व्यवस्थापकबाईंना मी सांगतो, मोजणी सुरू आहे.”

रिक्षा परत गेली. दादा तिला सोडायला गेला आणि चालत आला.

त्या दिवसापासून दर सोमवारी जावईबापू कामावर जायच्या आधी लॉन्ड्रीत येतात आणि बुलेटला काट्यावर चढवतात. स्वयंपाकघरातला छोटा काटा कुठे गेला ते वहिनीला विचारायची कोणाची हिंमत नाही. टेबलावर पुन्हा कोणी कोणाच्या ताटात बघत नाही. पहिले काही दिवस बुलेट जेवताना कचरायचा, वाढायला आलेल्या पळीकडे आणि मग जावईबापूंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा. एकदा त्याने ताटावर आडवा हात धरला तेव्हा वहिनी त्याच्या शेजारी बसूनच राहिली, तो हात निघेपर्यंत. आमटी निवली, भात निवला, इस्त्रीचा रोलर तापून वाट बघत राहिला. शेवटी निघाला हात.

आता गाड्याला घंटी परत लागलीय, गादी मी माझ्या हाताने बसवली. बुलेटच्या गालांवर रंग आलाय. शर्टाची बटणं ताणली जातात, पट्टा एक भोक पुढे गेलाय. व्यवस्थापकबाईंचा दोनदा फोन आला. मोजणी सुरू आहे, असं सांगितलं. मोजणी इतक्या काळजीने चाललीय म्हणून त्या उलट खूश आहेत.

या सोमवारी मी गाठोडी उतरवून घ्यायला अंगणातच होते. बुलेट काट्यावर चढला, ताठ उभा राहिला. मी जावईबापूंच्या पाठीमागे होते, दादा माझ्या शेजारी. तबकडी आम्हा तिघांनाही स्वच्छ दिसत होती. काटा पहिल्या दिवसाच्या खुणेपाशी आला, तिथे न थांबता चांगला पुढे गेला आणि मग थांबला.

जावईबापू तबकडीकडे बघत राहिले.

“अजून भरलं नाही,” ते म्हणाले.

“किती कमी आहे?” बुलेटने विचारलं.

“थोडं.”

दादाने तबकडीकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं. “बरं,” तो म्हणाला, “मग थांबू.” आणि आत गेला.

बुलेट खाली उतरला. तो खरोखर काळजीत होता, कपाळावर आठ्या पडल्या होत्या. “साहेब, मी खातोय हो. वहिनी वाढतात ते सगळं खातोय, घरीही खातोय. अजून किती खाऊ?”

“पोटभर,” जावईबापू म्हणाले, आणि काट्याचं काहीतरी नीट करायला खाली वाकले, ते बराच वेळ वर आले नाहीत.